सैतान गाण्यात, की पत्त्यात?

रॉक संगीत हे सैतानाचे संगीत होय, असा निर्वाळा आमच्या समाजात वारंवार दिला जातो. कधी तो रिट्रीटच्या व्यासपीठावरून येतो, कधी पालकांच्या सभेत, तर कधी जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून. हा निर्वाळा देणाऱ्यांच्या सद्‌हेतूविषयी आम्हांस मुळीच शंका नाही. आपली मुले कोणत्या सुरांच्या संगतीत वाढतात, याची काळजी वाहणे हा आईबापांचा धर्मच आहे. परंतु ज्याचा न्याय करावयाचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, ही रीत कोर्टकचेरीतही पाळली जाते. रॉक संगीताच्या बाबतीत ती पाळली जात नाही, ही आमची पहिली तक्रार. आणि ज्या तरुणांनी हे संगीत रात्रंदिवस ऐकले, त्यांनी तरी ते कान देऊन ऐकले काय, ही आमची दुसरी तक्रार.

प्रतिपक्ष हलका आहे, असे कोणी समजू नये. संत ऑगस्टीनसारखा महापंडित आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात संगीताविषयी कसा घुटमळतो ते पाहावे. चर्चमधील गायनाने आपल्या डोळ्यांत एकेकाळी अश्रू उभे केले होते, हे तो कृतज्ञतेने आठवतो. आणि गीतातील आशयापेक्षा गायनानेच मन अधिक हलले तर आपल्या हातून पाप घडले, असेही तो कबूल करतो. आमच्या काळात कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांनी, म्हणजेच पुढे २००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे झालेल्या धर्माचार्यांनी, २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या उपासनाविषयक ग्रंथात रॉक संगीतावर कठोर टीका केली. रॉक हा आदिम वासनांचा आविष्कार आहे, त्याच्या भव्य जलशांना एखाद्या पंथाच्या उपासनेचे रूप येते आणि ते रूप ख्रिस्ती उपासनेच्या विरोधी असते, असा त्यांचा आक्षेप आहे. गर्दी, ठेका, गोंगाट आणि दिव्यांचा लखलखाट यांच्या माऱ्याखाली माणूस स्वतःचे भान हरवून बसतो, हे त्यांचे निरीक्षण ज्यांनी असे जलसे पाहिले आहेत त्यांना खोटे म्हणता येणार नाही.

तरीही सरसकट आरोपाला सरसकट उत्तर देऊन वाद मिटत नसतो. म्हणून आम्ही एकच साक्षीदार उभा करतो. डब्लिनच्या यू-टू या वाद्यवृंदाचा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम ९ मार्च १९८७ रोजी प्रसिद्ध झाला. त्याचे पहिलेच गाणे 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम', अर्थात 'जिथे रस्त्यांना नावे नाहीत'. आरोपपत्रातील झाडून सारी लक्षणे या गाण्यात सापडतील. विजेवर चालणारी गिटार आहे, धावता ठेका आहे, गायकाचा आवाज किंकाळीच्या उंबरठ्यापर्यंत जातो, आणि हे गाणे सुरू झाले की स्टेडियममधील हजारो माणसे एकाच वेळी उसळतात. सैतान कोठे असलाच, तर तो येथे सापडावयास हरकत नव्हती. आम्ही शोध घेतला. तो सापडला, पण भलत्याच ठिकाणी.

हे गाणे गाणारी मुले कोणत्या घरांतून आली, ते आधी पाहू. बोनो या नावाने जगाला ठाऊक असलेला गायक म्हणजे पॉल ह्यूसन. त्याचे वडील कॅथोलिक, आई चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाची. दोन पंथांमधून विस्तव जात नव्हता अशा देशात या दोघांनी १९५० साली संसार मांडला. रविवारी वडील एका चर्चमध्ये जात आणि आई मुलांना घेऊन दुसऱ्या चर्चमध्ये जाई. आई १९७४ साली वारली तेव्हा पॉल चौदा वर्षांचा होता. गिटारवादक 'दि एज', म्हणजे डेव्हिड इव्हान्स, वेल्श प्रेस्बिटेरियन आईबापांचा मुलगा. अॅडम क्लेटन जन्माने इंग्रज. ढोलवादक लॅरी मलन कॅथोलिक घरातला. हे चौघे १९७६ साली एकत्र आले ते माउंट टेम्पल नावाच्या शाळेत. सर्व पंथांच्या मुलामुलींना एका बाकावर बसवणारी अशी शाळा त्या काळच्या डब्लिनमध्ये विरळाच होती. शाळेच्या दाराशीच पंथ विचारला गेला असता तर हे चौघे एकत्र आले नसते आणि हा वाद्यवृंद जन्मलाच नसता.

याच्या पुढची हकीकत आमच्या टीकाकार बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. चौघांपैकी तिघे डब्लिनमधील 'शालोम' नावाच्या प्रार्थनागटात जाऊ लागले होते. बायबलवाचन, उपास, सामुदायिक प्रार्थना असा त्यांचा क्रम होता. १९८१ च्या सुमारास त्या गटात प्रश्न उभा राहिला, की रॉक संगीत आणि ख्रिस्तावरील श्रद्धा एकाच हृदयात कशी नांदणार? दोहोंपैकी एक सोडा, असा आग्रह होऊ लागला. 'दि एज' तर वाद्यवृंद सोडण्याच्या बेतापर्यंत येऊन ठेपला होता. अखेर त्यांनी सोडला तो तो गट. श्रद्धा सोडली नाही आणि संगीतही सोडले नाही. विशीतल्या त्या तरुणांनी गिटार तेव्हाच खाली ठेवली असती, तर त्या धार्मिक मंडळींनी एक विजय साजरा केला असता आणि जगातील एक मोठी प्रार्थना गायची राहून गेली असती. आमच्या धर्मग्रामांत असे किती विजय साजरे झाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता गाण्याच्या अर्थाकडे वळू. बोनोने १९८७ सालीच सांगितले होते की बेलफास्ट शहराविषयी कोणीतरी त्याला एक गोष्ट ऐकवली. त्या शहरात माणूस कोणत्या रस्त्यावर राहतो एवढे कळले, की त्याचा पंथ कळतो. इतकेच नव्हे, तर तो रस्त्याच्या कोणत्या अंगाला आणि टेकडीवर किती उंच राहतो यावरून त्याची मिळकतही कळते. ही काही कविकल्पना नव्हे. पश्चिम बेलफास्टमध्ये फॉल्स रोड हा कॅथोलिकांचा आणि शँकिल रोड हा प्रॉटेस्टंटांचा. दोन्ही रस्ते शहराच्या मध्यभागातून निघतात आणि एकमेकांपासून हाकेच्या अंतरावरून पश्चिमेकडे जातात. १९६९ मध्ये दंगली उसळल्या आणि त्यांच्यामध्ये अडथळे उभारण्यात आले. त्यांना 'शांतिरेषा' असे गोंडस नाव मिळाले. आधी काटेरी तारा होत्या, मग पत्रे आले, मग विटा आणि सिमेंटच्या उंच भिंती. नोकरीच्या अर्जावरचा पत्ता आणि शाळेचे नाव वाचले, की अर्जदार कोणत्या बाजूचा हे मालकाला उमगत असे. रात्री रस्त्यात अडवून पत्ता विचारणाऱ्याला चुकीचे उत्तर मिळाले, तर जीवही जाई. सुमारे तीस वर्षांच्या त्या संघर्षात साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली. मारणारे दोन्ही बाजूंना होते. कॅथोलिक वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या आय.आर.ए.चे हात रक्ताने माखलेले होते, हे आम्ही कॅथोलिकांनी विसरू नये.

वाचकहो, एकाच प्रभूचे नाव घेणाऱ्या, त्याच्याच वधस्तंभापुढे गुडघे टेकणाऱ्या दोन समाजांनी ही भिंत बांधली. ती रॉक संगीताने बांधली नाही.

गाण्याला दुसरे एक ठिकाण आहे, इथिओपिया. १९८५ सालच्या जुलै महिन्यात दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा प्रचंड जलसा झाला आणि यू-टूने त्यात भाग घेतला. जलसा संपला की कलावंत घरी जातात. बोनो आणि त्याची पत्नी अॅली मात्र गाजावाजा न करता इथिओपियाला गेली आणि उत्तरेकडील अजिबार येथील मदत छावणीत त्यांनी काही आठवडे काम केले. आरोग्याचे धडे गाण्यांतून आणि नाटुकल्यांतून देण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेथील कोरड्या, उघड्या मुलखात या गाण्याच्या काही ओळी त्याने विमानातील मळमळीच्या कागदी पिशवीवर टिपून ठेवल्या. पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसांचा तो मुलूख. पण तेथे माणसाला त्याच्या रस्त्यावरून ओळखण्याची सोय नव्हती, कारण रस्त्यांना नावेच नव्हती. एका बाजूला नावांच्या पाट्यांनी विभागलेले युरोपातील शहर आणि दुसऱ्या बाजूला पाटीच नसलेले वाळवंट, या दोहोंच्या मध्ये हे गाणे उभे आहे. भिंती पाडाव्यात, बाहेर धाव घ्यावी, आणि जेथे माणूस माणूस म्हणून भेटेल तेथे प्रियजनाला सोबत घेऊन जावे, एवढीच त्याची मागणी आहे.

आता दुसरा आक्षेप. रॉक म्हणजे क्षणिक उन्माद. त्यात साधना नाही, शिस्त नाही, चार माणसांनी वाद्ये बडवली की गाणे होते, असे म्हटले जाते. या गाण्याच्या जडणघडणीची कथा या आक्षेपाला परस्पर उत्तर देते.

१९८६ साली 'दि एज' डब्लिनजवळच्या आपल्या नव्या घराच्या माडीवरील एका खोलीत एकटाच बसला होता. अल्बमचे काम चालू होते. परंतु जलशात वाजवता येईल असे दमदार गाणे आपल्यापाशी नाही, ही रुखरुख त्याला होती. आपण स्वतः श्रोत्यांत उभे असतो तर आपल्याला काय ऐकावेसे वाटले असते, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि चार ट्रॅकच्या एका टेपयंत्रावर कच्चा आराखडा तयार केला. काम संपले तेव्हा त्या रिकाम्या घरात तो आनंदाने एकटाच नाचला, असे त्याने पुढे सांगितले आहे. पण आनंदाचा भर ओसरल्यावर खरे कष्ट सुरू झाले.

गाण्याची सुरुवात नीट ऐकावी. आधी दुरून आल्यासारखा ऑर्गनसदृश वाद्याचा लांब, संथ स्वर येतो. एखाद्या जुन्या चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेपूर्वी ऑर्गनवाला हलकेच पट्टी दाबून ठेवतो, तसा तो वाटतो. त्यातून गिटारचे सहा स्वरांचे एक आवर्तन वर येते. छेडलेला स्वर क्षणार्धाने परत पाठवणाऱ्या उपकरणाची त्याला साथ आहे. त्यामुळे एक तार छेडली तरी अनेक तारा झंकारत असल्याचा भास होतो. हे आवर्तन तीन मात्रांच्या चालीत सुरू होते. आमच्या लग्नसमारंभांत वॉल्ट्झवर ज्यांनी पाय धरला आहे, त्यांना ही तिनाची चाल सहज ओळखता येईल. पुढे बास आणि ढोल येतात आणि चाल चार मात्रांची होते. ऐकणाऱ्याला सांधा दिसत नाही. जमिनीवर चालता चालता आपण धावू केव्हा लागलो हे कळू नये, तसे होते. शेवटी वाद्ये विरतात आणि गाणे पुन्हा तिनाच्या चालीत परतते. गायकाचा पहिला शब्द येईपर्यंत दीड मिनिटाहून अधिक काळ लोटलेला असतो. ज्या संगीतावर उतावळेपणाचा आरोप आहे, त्याने श्रोत्याला एवढा वेळ तिष्ठत ठेवावे, ही गोष्ट आमच्या टीकाकारांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

तिनाचे चार आणि चाराचे तीन करणारा हा सांधा वादकांना काही केल्या जमेना. गाणे आपल्यालाच परक्या भाषेसारखे वाटत होते, असे अॅडम क्लेटनने म्हटले आहे. तेव्हा निर्मात्यांपैकी एक, डॅनिएल लॅनवा, यांनी चक्क फळा आणला. त्यावर स्वरसंगती लिहिल्या आणि शाळामास्तराप्रमाणे हातात काठी घेऊन ते वादकांना एकेक बदल दाखवू लागले. जगप्रसिद्ध होऊ घातलेले चार तरुण फळ्यासमोर बसून धडा गिरवीत आहेत, हे चित्र उन्मादाचे म्हणावयाचे की अभ्यासाचे? दुसरे निर्माते ब्रायन ईनो यांचा अंदाज असा, की संपूर्ण अल्बमच्या वेळेपैकी जवळजवळ निम्मा वेळ या एका गाण्याने खाल्ला. ठिगळावर ठिगळ लावण्यापेक्षा सारे पुसून नव्याने आरंभ केलेला बरा, असे त्यांना वाटू लागले; आणि अपघात झाल्याचा देखावा करून टेप कोरी करण्याचा बेत त्यांनी मनाशी केला. ऐनवेळी पॅट मकार्थी या ध्वनिमुद्रण साहाय्यकाने खोलीत येऊन त्यांना अक्षरशः धरून आवरले, म्हणून गाणे वाचले. पुढे स्टीव्ह लिलीव्हाइट यांनी अंतिम ध्वनिमिश्रणाचे काम केले. प्रसिद्धीनंतरही गाणे पुरे झाले नव्हते. ते प्रत्यक्ष जलशात वाजवता वाजवताच मोठे झाले, असे लॅरी मलन सांगतो. आमच्या गायकवृंदांपैकी किती जणांनी एका प्रवेशगीतासाठी असे परिश्रम घेतले, हे त्यांनीच आपल्या मनाला विचारावे.

प्रवेशगीताचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. अल्बममधील गाण्यांचा क्रम लावण्याचे काम लिलीव्हाइट यांच्या पत्नी, गायिका कर्स्टी मॅकॉल यांच्याकडे आले. वाद्यवृंदाने त्यांना दोनच सूचना दिल्या होत्या. पहिले गाणे हेच असावे. आणि शेवटचे असावे ते दक्षिण अमेरिकेतील लष्करी राजवटींनी बेपत्ता केलेल्या मुलांच्या मातांविषयीचे. बाकीचा क्रम कर्स्टीने आपल्या आवडीने लावला. म्हणजे दार कोणते आणि अखेरचा मुक्काम कोणता, हे पक्के ठरलेले होते. आता मिस्साविधीच्या सर्वसाधारण नियमावलीत प्रवेशगीताचे हेतू काय सांगितले आहेत ते आठवावे. विधीचा आरंभ करणे, जमलेल्यांचे ऐक्य दृढ करणे, त्यांचे मन त्या दिवसाच्या रहस्याकडे नेणे आणि वेदीकडे जाणाऱ्यांना सोबत करणे. या अल्बमचे पहिले गाणे आपल्या परीने हीच कामे करते. ते हजारो अनोळखी माणसांना एका चालीत आणते आणि सांगते, की आत येताना आपला पत्ता बाहेर ठेवा.

येथे एक सुजाण आक्षेपक विचारील की देव तर प्रत्येकाला नावाने हाक मारतो, मग नावे नसलेल्या जागेची ओढ ख्रिस्ती कशी? आक्षेप मार्मिक आहे. उत्तरासाठी आम्ही ३ फेब्रुवारी २००२ या दिवसाकडे बोट दाखवतो. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स येथे फुटबॉलचा सर्वांत मोठा सामना होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला पाच महिनेही झाले नव्हते. मध्यंतरात यू-टूने हे गाणे गायिले, तेव्हा मागील भव्य पडद्यावर त्या हल्ल्यात मेलेल्यांची नावे एकेक करीत वर सरकत होती. दलाल, आगवाले, सफाईवाले, स्वयंपाकी, विमानप्रवासी. श्रीमंत आणि गरीब. ख्रिस्ती, यहुदी, मुसलमान, हिंदू. नुसती नावे. कोणाचा पत्ता नव्हता, धर्म नव्हता, पगार नव्हता. गाण्याचा अर्थ त्या रात्री जगाने डोळ्यांनी पाहिला. रस्त्याचे नाव पुसले गेले की माणसाचे नाव दिसू लागते. संत पौलाने गलतीकरांना लिहिताना जे भेद ख्रिस्तामध्ये मावळले म्हणून सांगितले, ते याहून वेगळे काय होते?

आणखी एक पुरावा. २००१ सालच्या दौऱ्यात हे गाणे सुरू होण्यापूर्वी बोनो स्तोत्र ११६ मधील ओळी म्हणत असे. परमेश्वराने केलेल्या उपकारांची फेड मी कशाने करू, असे विचारून तारणाचा प्याला हाती घेणारे ते स्तोत्र आहे. वल्हांडणाच्या भोजनानंतर गाण्याच्या स्तोत्रांत त्याची गणना होते. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, तेव्हा गायिलेल्या स्तोत्रांत ते असावे, अशी परंपरा आहे. रॉकच्या जलशात हजारो तरुण ते ऐकत होते. त्यांच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे चर्चची पायरी चढली नसेल. जो भक्त असल्या ठिकाणी फक्त सैतान पाहतो, त्याने स्वतःची दृष्टी तपासून घ्यावी.

या गाण्याला देवळातील मूर्तीसारखे मखरात बसवावे, असे आमचे म्हणणे नाही. त्याचे शब्द ठिकठिकाणी कच्चे आहेत. खुद्द बोनोने त्यातील एका जोडओळीला अत्यंत सामान्य ठरवले आहे. गाणारेही संत नव्हेत. गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी झटणारा हा गायक २३ सप्टेंबर १९९९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटला आणि पोपमहोदयांनी त्याचा गॉगल कौतुकाने आपल्या डोळ्यांवर चढवला, ही गोष्ट खरी. त्याचप्रमाणे कर कमी बसावा म्हणून याच वाद्यवृंदाने २००६ साली आपल्या व्यवसायाचा एक भाग आयर्लंडमधून नेदरलँड्सला हलवला, हेही तितकेच खरे. शिवाय हे गाणे मिस्सेत वाजवावे, असेही आम्ही सुचवत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात ग्रेगरियन गायनाला अग्रस्थान दिले, ऑर्गनचा मान राखला आणि अन्य वाद्यांची योग्यायोग्यता तपासावयास सांगितले. ती शिस्त आम्हांस मान्य आहे. वेदीजवळची जागा वेगळी आणि मैदान वेगळे. पण जे वेदीजवळ शोभत नाही ते सारे सैतानाचे, हा न्याय कोणत्या परिषदेने दिला?

ज्यांना हे गाणे आवडते त्यांच्यापैकी काही जण त्याचा अर्थ 'स्वर्ग' असा लावतात आणि मोकळे होतात. हा अर्थ चुकीचा नाही, पण फार सोयीचा आहे. रस्त्यांना नावे नसलेली जागा मृत्यूनंतरच मिळणार असेल, तर आज कोणालाच भिंत पाडण्याची गरज उरत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मात्र स्वर्गाबरोबर पृथ्वीचाही उल्लेख आहे. बेलफास्टचेच पाहा. १० एप्रिल १९९८ रोजी, शुभ शुक्रवारी, तेथे करार झाला. त्यावरील सार्वमताला तीन दिवस उरले असताना, १९ मे रोजी, बेलफास्टमधील एका जलशात बोनोने कॅथोलिकांचे नेते जॉन ह्यूम आणि प्रॉटेस्टंटांचे नेते डेव्हिड ट्रिंबल यांचे हात धरून उंचावले. सार्वमत मंजूर झाले, बंदुका बऱ्याच अंशी शांत झाल्या. पण भिंती? २०२३ पर्यंत साऱ्या भिंती हटवण्याचे उद्दिष्ट तेथील शासनाने २०१३ साली जाहीर केले होते. २०२३ उलटून गेले. बऱ्याच भिंती आजही उभ्या आहेत. सही करून करार होतो, शेजारी होत नाही.

आणि आता आमच्या दाराशी येऊ. १५ डिसेंबर २०१९ रोजी यू-टूने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतातील आपला पहिला जलसा केला. 'द जोशुआ ट्री' अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने वाजवला गेला. म्हणजे हे गाणेही महाराष्ट्राच्या भूमीवर गायिले गेले. पुढे वर्षभराच्या आत, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने राज्यातील वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. परंतु ज्या राज्यात रस्त्यांची नावे पुसण्यासाठी शासननिर्णय काढावा लागतो, त्या राज्याला हे गाणे परके म्हणता येणार नाही. पाटी बदलली तरी जुने नाव जिभेवरून जात नाही, हे आपण सारे जाणतो.

आम्ही ख्रिस्ती लोक तरी यातून सुटलो आहोत काय? एका बाप्तिस्म्याच्या पाण्याने न्हालेल्या, एकाच भाकरीत सहभागी होणाऱ्या आम्हा मंडळींत सोयरिकीचा विषय निघाला, की पहिले प्रश्न कोणते? आडनाव काय? गाव कोणते? कोणत्या आळीतले? मुलगी शिकलेली आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, दोघांचा परस्परांवर जीव आहे, या गोष्टी नंतर येतात. कधी कधी येतच नाहीत. मूळ पूर्वज धर्मांतरापूर्वी कोण होते, याच्या आठवणी आम्ही शतकानुशतके मोठ्या निगुतीने जपल्या आहेत. बेलफास्टमधील भिंत निदान डोळ्यांना दिसते. आमची भिंत लग्नपत्रिकेत असते, सणाच्या मानपानात असते, दफनभूमीतील जागेच्या तंट्यात असते. मिस्सेत शांतीची खूण देताना जो हात पुढे येतो, तोच हात सोयरिकीच्या वेळी मागे घेतला जातो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आम्ही नोंदवून ठेवतो. मुलांच्या खोलीत वाजणाऱ्या गाण्यात सैतान शोधणाऱ्यांनी आधी आपल्या पत्त्याच्या अभिमानात तो दडला आहे काय, ते पाहावे. आणि तरुणांनाही आम्ही मोकळे सोडत नाही. ज्या गाण्यावर तुम्ही हात उंचावून उसळता, त्याने तुमच्याकडे एक मागणी केलेली आहे. घरी येऊन तुम्हीही जातीचे आणि आळीचे गणित मांडणार असाल, तर तुमचे उसळणे आणि आमच्या वडीलधाऱ्यांचे रागावणे यांत फारसा फरक नाही. गाणे कोणीच ऐकले नाही.

येत्या तपःकाळात एक साधी गोष्ट करता येईल. धर्मग्रामाच्या युवासभेत वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी एकत्र बसावे. स्तोत्र ११६ वाचावे. मग हे साडेपाच मिनिटांचे गाणे पहिल्या स्वरापासून अखेरच्या स्वरापर्यंत, मध्ये कोणी न बोलता, ऐकावे. त्यानंतर प्रत्येकाने उठून एवढेच सांगावे, की आपल्या गावातील कोणत्या आळीत आपण आजवर जेवलो नाही आणि का. चर्चा त्या उत्तरापासून सुरू होऊ द्या. रॉक संगीत कोणाचे, याचा निकाल मग सावकाश लावता येईल.